दुसरा वाफा

प्रिय फूटपट्टी,

या नावाने आता तुला कोण हाक मारणार? मीच ठेवलं होतं ते, तुझ्या हातात कायम पट्टी असायची म्हणून. वर्गात फळ्यावर अपूर्णांक दिसला की तुझे डोळे भरून यायचे, आणि बागेत टोमॅटोच्या रोपापाशी उकिडवी बसलीस की न विचारता सांगायचीस, हे साडेबारा, ते साडेसात, म्हणजे पाचाचा फरक! तुमचे बागेचे सर म्हणायचे, "बाई, हिला गणित येतं, फक्त ते मातीत बसून येतं." मी हसण्यावारी न्यायचे. बागेचा तास म्हणजे कपडे मळवायचा तास, असं तुमच्या या मोठ्या बाईंचं ठाम मत होतं. अक्कल पाजळायला मला कुणाची परवानगी लागत नसे.

ते दोन वाफे आठवतात ना? पहिल्यात पालापाचोळ्याचं खत, दुसऱ्यात नुसती माती. रोपं तीच, पाणीही तेवढंच. पहिला नुसता फोफावला होता. दुसरा बिचारा पिवळा, खुरटा. दर मंगळवारी तू दोन्हीकडची रोपं मोजून वहीत लिहायचीस. खताने किती फरक पडतो ते पोरांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं, त्यासाठीच तर तो दुसरा वाफा होता. सरांनी मला हे दोनदा समजावलं होतं गं. माझ्या डोक्यात मात्र शाळेची तपासणी घोळत होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बागेत चक्कर मारली आणि तो वाफा बघून माझं डोकंच फिरलं. साहेब काय म्हणतील! शिपाईकाकांना रोपवाटिकेत पिटाळलं, तुमची खुरटी रोपं उपटली आणि तिथे हिरवीगार, गुडघ्याएवढी रोपं लावून घेतली. वर स्वतःवर खूशही झाले.

दुसऱ्या दिवशी नेमका मंगळवार. साहेबांसमोर तू वाकून मोजलंस, परत मोजलंस आणि म्हणालीस, "ही आमची रोपं नाहीत." साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी हसत म्हणाले, पोरगी गोंधळली आहे, तिला मोजताच येत नाही. तेवढ्यावरही भागलं नाही. तुझी वही मागून घेतली आणि लाल शाईने शेरा मारला, 'चूक. नीट मोज.' सर नंतर माझ्या खोलीत येऊन खूप भांडले, पण मुलांसमोर त्यांनी मला खोटं पाडलं नाही. त्यांच्या चांगुलपणाचाही मी फायदाच घेतला. तू रडली नाहीस. पट्टी दप्तरात ठेवलीस आणि परत कधी बागेत आणली नाहीस. ते मला दिसत होतं. रोज दिसत होतं.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेले, तर नर्स तुझी धाकटी बहीण निघाली. म्हणाली, ताई आता शिक्षिका आहे. शाळेने बाग सांभाळायला सांगितली तर नको म्हणते आहे, मोजमाप आपल्याला जमत नाही म्हणे. अजून पडद्याचं कापड मोजलं तरी शेजारणीला विचारते, बरोबर आहे ना? माझा रक्तदाब किती निघाला, ते मी ऐकलंच नाही.

तुझी वही माझ्याच कपाटात राहिली होती. ती सोबत पाठवते आहे. तो शेरा मी आज खोडला आणि खाली लिहिलं, 'बरोबर. रोपं मी बदलली होती.' सही केली, तारीख घातली. माफी मागायला मला तोंड नाही, पण पोरी, ती बाग घे. आणि दुसरा वाफा खुरटा राहिला तर राहू दे. कुणी मोठ्या बाई तो उपटायला आल्याच, तर त्यांना ही वही दाखव.

तुझ्याशी खोटं बोललेल्या, तरी तुझ्याच,
मोठ्या बाई