मामांच्या ट्रंपेटचा पोचा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कमरेचा पट्टा अजून सुटलेला नाही, त्यामुळे तूर्त अर्धाच घातला आहे. उरलेला तू समोर आलीस की घालीन.) तुझा गुडघा काय म्हणतो? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला सगळं लख्ख दिसतं असं भाचीने फोनवर सांगितलं. म्हणजे या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही दिसणार. मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी तिची लाल शाई निवृत्त होत नाही, हे मी जाणतो. पण एकदा शेवटपर्यंत वाच आणि मगच पेन उचल. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तुझी भावजय म्हणते की मी हल्ली फार ताठ चालतो. त्यात पट्ट्याचा वाटा थोडा आहे, बाकी सगळा अभिमान आहे.

तर झालं असं, की मामांनी ज्या संगीतशाळेत तीस वर्षं शिकवलं, तिच्या मोठ्या दालनात काचेचं कपाट बसणार आहे आणि त्यात आपल्या मामांचा ट्रंपेट ठेवणार आहेत. खाली पितळी पाटी, पाटीवर मामांचं नाव! हे ऐकलं तेव्हा मी शाळेच्या ऑफिसातल्या एका लंगड्या खुर्चीवर बसलो होतो, पण मला सिंहासनावर बसल्यासारखं वाटलं. ज्यांचं वाजवून संपलं की लोक टाळ्या विसरून नुसते बसून राहत, ते आपले मामा आयुष्यभर आपल्याच घरी पुढच्या खोलीत, खिडकी आणि कपडे वाळत घालायची दोरी यांच्यामध्ये गादी टाकून झोपले. त्यांना आता स्वतःचं कपाट मिळणार. फक्त शाळेची एक अट आहे. विम्यासाठी ट्रंपेटची किंमत ठरवून आणायची, आणि तो मामांचाच होता असा जाणकाराचा दाखला महिनाअखेरपर्यंत द्यायचा. नाहीतर त्या कपाटात कुणा देणगीदाराचं घड्याळ बसेल. (ते घड्याळ मी पाहून आलो. चार मिनिटं मागे आहे.)

आता, माणूस असो की वाद्य, परीक्षेला नेण्याआधी त्याचं तोंड धुवावं असं मला वाटलं. यात माझं काय चुकलं ते तूच सांग. ट्रंपेटच्या पसरट तोंडाला तो जुना पोचा होता, तुला तर माहीतच आहे. (तुला तर फारच चांगला माहीत आहे, पण त्याकडे मी नंतर येतो.) आपल्या कोपऱ्यावर गाड्यांचे पोचे काढणारा एक कारागीर आहे. हात असा, की ट्रकने चेपलेली मोटार त्याच्याकडून निघाली की मालक ओळखत नाही. त्याने ट्रंपेट उलटसुलट केला, कुठल्या गाडीचा हॉर्न म्हणून विचारलं, आणि अर्ध्या तासात पोचा असा काढला की बोट फिरवलं तरी लागेना. वर मेटॅलिक रंग मारून देऊ का म्हणाला. रंगाला मी नको म्हटलं. ताई, माझ्या हातून या प्रकरणात घडलेली शहाणपणाची गोष्ट ती एवढीच.

वाद्यांची पारख करणारे गृहस्थ शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत बसतात. खोलीत बसायला जागा नाही, कारण दोन्ही खुर्च्यांवर व्हायोलिनं बसलेली आहेत. त्यांनी आधी ट्रंपेट काट्यावर ठेवला. मी सवयीने आधी काटा पाहिला. (चौतीस वर्षं वजनमापं तपासली, जाते का सवय?) काट्यावरचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा होता. मी तसं नम्रपणे सांगितलं आणि तिथूनच आमचं जरा बिनसलं. ते म्हणाले, असे ट्रंपेट त्या कारखान्याने हजारोंनी काढले, याची किंमत एका बऱ्यापैकी कुकरइतकी. मात्र हा त्या मास्तरांचाच असेल, तर मग मी आकडा लिहिण्याआधी हात धुऊन येतो. पारखी चांगला आहे हे मी तेव्हाच ओळखलं. मग त्यांनी शाळेने माझ्याबरोबर दिलेला मामांचा फोटो समोर ठेवला, भिंग लावलं, ट्रंपेटकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि विचारलं, पोचा कुठंय?

मी अभिमानाने सांगितलं, कालच काढला.

पुढची पाच मिनिटं त्यांनी जे काही ऐकवलं ते मी वडील बहिणीला लिहू शकत नाही. सारांश एवढाच की हजारो ट्रंपेटांत हा एकच मामांचा, हे सांगणारी एकमेव खूण मी पदरचे पैसे मोजून पुसून आलो होतो. मी व्हायोलिन उचलून खुर्चीवर बसलो, तरी त्यांनी ते चालवून घेतलं, इतका माझा चेहरा उतरला असावा. मामांची पाटी, मामांचं कपाट, सगळं त्या घड्याळाच्या घशात जाताना मला दिसत होतं.

पण माणूस भला. त्यांनी बारीक बॅटरी आत घातली आणि म्हणाले, पितळ ताणलं गेलंय, आतून जागा दिसतेय. पोचा कसा पडला होता? मी आपली नेहमीची हकिकत सांगितली : जलसा संपवून मामा मंचावरून उतरताना पाय घसरला आणि ट्रंपेट पायरीवर आपटला. (मामांनी स्वतः सांगितलेली. त्यांच्या वेळी पायरी एक होती. मी सांगत आलो तशा त्या अकरा झाल्या.) पारखी मान हलवत म्हणाले, "पायरीवर पडला असता तर कड दुमडली असती. हा आपटलाय गोल, टणक आणि आतून पोकळ वस्तूवर."

मी टोपी काढली. त्यांनी माझ्या डाव्या भुवईवरचं लहानपणापासूनचं टेंगूळ पाहिलं, कंपास आणला, आधी ट्रंपेट मोजला, मग मला मोजलं. केसाइतकाही फरक नाही! ताई, चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची मापं तपासली, पण इतकं बिनचूक माप मी स्वतःच असेन याची मला कल्पना नव्हती. घरी येईपर्यंत मी टोपी घातली नाही.

मात्र नुसतं डोकं दाखल्याला पुरत नाही. ज्याने प्रसंग घडवला त्याची लेखी जबानी लागते. मामा तर गेले, तेही तुझ्यावर ठपका येऊ नये म्हणून खोटी पायरी सांगून. पोचा पडला त्याच संध्याकाळी तो ट्रंपेट घेऊन ते वाजवायला गेले, आणि पुढे कधीही त्यांनी तो पोचा काढला नाही. असा माणूस आपला मामा होता, या विचाराने माझा ऊर आजही भरून येतो.

बाकी सर्व क्षेम. माझा लोभ आहेच; तुझाही या पत्रानंतर टिकावा.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. १ : जबानीचा मसुदा करून ठेवला आहे. "मी, खाली सही करणारी निवृत्त मुख्याध्यापिका, लिहून देते की वयाच्या चौदाव्या वर्षी मी सदर ट्रंपेट सदर भावाच्या सदर डोक्यात घातला." बावन्न वर्षं तू हे नाकारत आलीस, पण आता मामांच्या पाटीचा प्रश्न आहे. सही कर आणि पाठव. शुद्धलेखन हवं तेवढं सुधार.

ता.क. २ : कपाट बंद करण्याआधी मामांच्या कुणा शिष्याने त्यावर एकदा वाजवावं असं शाळेचं म्हणणं आहे. मी तुझं नाव दिलं आहे. आता जमणार नाही म्हणू नकोस. दात नवे असले तरी फुंक तुझीच आहे.

ता.क. ३ : जबानीत कारणही लागतं. ते मलाच लिहायला हवं. त्या दिवशी मी येऊन तुला म्हटलं, मामा म्हणतात तुझं वाजवणं पंक्चर झालेल्या चाकासारखं आहे, सोडून दे. तू उठलीस, मला हाणलंस, आणि पुन्हा ट्रंपेटला हात लावला नाहीस. ताई, मामा तसं म्हणालेच नव्हते. मला तीन महिन्यांत एक सूर धड निघत नव्हता आणि तुला निघत होता, म्हणून मी जळत होतो. नंतर तू का वाजवत नाहीस असं मामांनी मला दोनदा विचारलं, तेव्हाही तिला नकोच आहे असं मी सांगितलं. त्यांनी खरोखर दिलेला निरोप असा होता : "ताईला सांग, तुझा दम माझ्यापेक्षा मोठा आहे. उद्यापासून माझ्याशेजारी उभी राहून वाजव." तो आज सांगतो आहे.