बॅटरीला सवय लागते

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्याशी भांडायला कसलीच भीती नाही. जिवंत होतीस तोवर मला तोंड उघडू दिलं नाहीस. आता पाळी माझी, आणि तुला मधेच उठून ओट्याकडे जाता येणार नाही. बरं झालं.

बाबा गेल्यावर तू डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत लागलीस. इमर्जन्सी दिव्यांच्या, वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या बनायच्या तिथे, निकेल-कॅडमियमच्या. मला सुट्टी असली की घरी बघायला कुणी नाही म्हणून बरोबर न्यायचीस. तुझ्या टेबलावर बॅटऱ्यांची रांग असते, प्रत्येकीला एक बारकासा बल्ब जोडलेला. बल्ब हळूहळू मंदावतायत, एकेक विझतोय, आणि तू स्टुलावर बसून बघतेयस. मी विचारते, "आई, चांगल्या बॅटऱ्या संपवतेस कशाला गं?" तू मान वर न करता म्हणतेस, "पूर्ण उतरवायच्या, मगच चार्जिंगला लावायच्या. अर्धवट असताना भरलं की सवय लागते त्यांना. मग अर्ध्यातच मान टाकतात." त्या जुन्या बॅटऱ्यांना तशी खोड असायचीच, ते काही तू मनचं सांगत नव्हतीस. काम तुला चोख यायचं, त्यात वाद नाही.

पण तू ते काम घरी घेऊन आलीस. मी रडले की मला मोरीत उभं करायचीस आणि बाहेरून कडी. "रडून घे पूर्ण. संपलं की सांग." मी हुंदके गिळून दार वाजवलं की बाहेरून विचारायचीस, "संपलं? की आहे अजून?" आवाज जरा जरी कापला की कडी तशीच. रडणाऱ्या पोराला उचललं की सवय लागते असं सगळ्याच बायका म्हणतात, आणि म्हणता म्हणता उचलतातही. तू एकटीच निघालीस, म्हटल्याप्रमाणे वागणारी. नंतर मला पुढ्यात घेऊन वरणभात भरवायचीस, केस विंचरायचीस. खोटं कशाला बोलू, मायेनेच करायचीस. पण तोवर माझ्यात काही उरलेलं नसायचं गं. घास तोंडात तसाच ठेवून मी झोपून जायचे. तुला वाटायचं, पोर शहाणी झाली.

पुढे नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मी ठाण्याला मोबाइल दुरुस्तीच्या सेंटरमध्ये कामाला होते. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या खोलीत पाण्याची बोंब, म्हणून बाळंतपणाला तुझ्याकडे आले. तू कशी आहेस हे ठाऊक असून आले. सेंटरचा फोन होता माझ्याकडे, नव्या लिथियम-आयन बॅटरीचा. त्या दिवशी सकाळी मी तो स्वयंपाकघरात मिक्सरच्या प्लगला लावला, तर तू येऊन वायर ओढून काढलीस.

"दोन काड्या दिसतायत अजून. उतरू दे आधी."

"आई, ही तुझ्या कंपनीतली बॅटरी नाही. हिला सवयबिवय काही लागत नाही. पाहिजे तेव्हा लावायची, पाहिजे तेवढी भरायची. आधी जोरात भरते, भरत आली की करंट आपोआप कमी होत जातो, भरली की बंद. आत एक बारकं सर्किट असतं. तापली का, जास्त भरली का, फार उतरली का, सारखं लक्ष ठेवतं. उलट पूर्ण उतरवलीस तर ही बिघडते. फोन बंद पडतो ना, तेव्हासुद्धा आत थोडं राखून ठेवलेलं असतं."

तू हसलीस. "म्हणजे लाडावलेली म्हण की. टिकायची नाही."

तेवढ्यात आत माझी मुलगी रडायला लागली. महिन्याचीही नव्हती तेव्हा. मी उठले, तर तू दारात हात आडवा घातलास. "बस खाली. पोट भरलंय, दुपटं कोरडं आहे. आता उचललंस की सवय लागेल. उतरू दे." आई, तू माझ्या मुलीला 'उतरू दे' म्हणालीस. शरम नाही वाटली?

"घसा बसलाय तिचा," मी म्हटलं.

"तुला असंच वाढवलं. काय झालं तुला? मेलीस?"

मेले नव्हते, खरंय. उभी होते तिथेच, तुझ्या परवानगीची वाट बघत, एका पोरीची आई होऊनसुद्धा. आतलं रडणं बारीक होत गेलं, मग तुटक, मग मधेच एखादी उचकी. ते मला पाठ होतं. ते शांत होणं नसतं, नाद सोडणं असतं. मी तुझा हात झटकला आणि आत गेले. उचललं तर माझा गाऊन मुठीत धरून ती थरथरत होती. तू मागून म्हणालीस, "घे, घे! उद्या डोक्यावर बसली की माझ्याकडे रडत येऊ नकोस." मी कपडे पिशवीत कोंबले, तिला दुपट्यात गुंडाळलं आणि जिना उतरले. तुझ्याकडे परत आले नाही, रडतही नाही आणि हसतही नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात तू गेलीस. तेराव्याला शेजारणी म्हणाल्या, फार शिस्तीची बाई होती. मी म्हटलं, हो ना, आणि त्यांच्या पानात बुंदी वाढली. माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. बायका कुजबुजल्या, धक्का बसलाय पोरीला. धक्का कसला डोंबलाचा! तुझीच मेहनत ती. मुलगी माझी आता मोठी झाली. भरपूर लाडावलेली आहे. आधी माझ्याशी कडाकडा भांडते, मग माझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडते, आणि मी रडणं थांबायची वाट बघत नाही. तिला काहीही झालेलं नाही, ऐकतेयस ना?

हे पत्र मी कुठे टाकणार? तुझी बिल्डिंगसुद्धा पाडली. पण एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी रिक्षात बसताना मी मुद्दाम वेळ काढला. पिशवी या बाजूची त्या बाजूला केली, उगाच दुपटं सारखं केलं, रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, भाऊ, जरा थांबा. तू खिडकीत येशील असं वाटत होतं. नुसतं "अगं, थांब" म्हणाली असतीस ना, तर मी वर आले असते. आणि तू सांगितलं असतंस तर तिला परत खालीही ठेवलं असतं.