मीटरला कुंकू

रनाळे, ९ मार्च २०२६

चि. धर्मेंद्रला शोभाआक्काचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे. फोनवर तू बोलणं फिरवतोस म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच.

आमच्याकडे स्मार्ट मीटर बसलं. तुझी कंपनी हेच बनवते म्हणून नव्या ट्रॅक्टरसारखी पूजा केली. चार बाया बोलावल्या. तुझ्या रुचिकाची होणारी सासू फुलवंताबाई पण होती. तर वायरमन हसला. म्हणे, बाई, ती कंपनी कधीच विकाई गई, हे दुसऱ्याचं शे. माझ्या हातातला नारळ फोडायचाच राहिला. पोरीचा बाप कंपनीत इंजिनियर, हा शब्द मी त्यांना दिलाय. खरं काय ते लिही. गोड लिहू नको.

माया आहे, पण आज राग जास्त.
शोभा


पुणे, १५ मार्च

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

वायरमन खरं बोलला. आमच्या कंपनीने आधी चिप काढली. दिवे, पंखे, लिफ्ट एकाच तारेवरून एकमेकांशी बोलायचे. मग परदेशातून लाखो मीटरची मागणी आली. आम्ही पेढे वाटले. ती मागणी संपली तशी मीटरचं खातं विकलं, उरलेली कंपनी दुसऱ्याने गिळली. मला दोन वर्षांपूर्वी घरी बसवलं. आता ठेकेदाराकडे घरोघर मीटर बसवतो. लग्न होईपर्यंत त्यांना काही सांगू नकोस, हात जोडतो.

उरला असेल तेवढा लोभ असू दे.
धर्मेंद्र


रनाळे, २३ मार्च

चि. धर्मेंद्रला आशीर्वाद.

वाचून मी चुलीपुढे बसूनच राहिले. भाकर करपली. दोन वर्षं! पंख्याला बोलतं केलंस अन् सख्ख्या बहिणीपुढे मुका? मीटर बसवतोस त्याची लाज नाही मला. गप बस म्हणालास, त्याची वाटली.

मी गप बसले नाही. फुलवंताबाईला सगळं सांगून आले. वाटलं, अंगावर येईल. बाई नुसती गहू निवडत राहिली. मग म्हणाली, बापाने स्वतः येऊन सांगावं, नंतर बघू. सोयरीक मोडली नाही, पण राहिली असंही समजू नको.

आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला दरवर्षी चुलतभावाला मुऱ्हाळी धाडतोस. यंदा तूच ये. आधी फुलवंताबाईचं दार, मग माहेर.

अन् पेचकस आण. कुंकू आत जाऊन मीटरचं बटण चिकटलंय. वायरमन आला होता, हात लावू दिला नाही. म्हटलं, थांब, मन्हा भाऊ यी ऱ्हायना, तोच करी.

लोभ आहेच, मागायचं काम नाही.
शोभा