खाऱ्या वाफ्याची खुशाली

चौल, १८ डिसेंबर २०२४

चि. सौ. सत्यवतीस अ. उ. आ.

फोनवर तू ‘बरं हाय’ म्हणून मला कटवतेस, म्हणून पत्र. विनेशरावांचं यकृत ‘बरं हाय’ने सुधारणारं नव्हे.

मिल्क थिसलची झाडं छान धरली आहेत. पानांवर दूध सांडल्यासारखे पांढरे पट्टे, कडेला काटे. तुझ्या वहिनीने हात लावला आणि शिव्या मला घातल्या. यकृताला आधार देणारं सिलिमारिन या झाडाच्या बियांत असतं. मी कॉलेजची पायरी चढलो नाही, पण मिळेल ते वाचून काढलंय. झाडावर ताण पडला की ते स्वतःला वाचवायला सिलिमारिन जास्त बनवतं. म्हणून एक वाफा विहिरीच्या गोड्या पाण्यावर ठेवलाय. दुसऱ्याला त्यात खाडीचं पाणी मिसळून देतो, तेही मापून, अंदाजाने नव्हे.

हे विनेशरावांना नीट समजावून सांग. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवून त्यांना फक्त हॉर्नची भाषा कळते, तरी सांग. बी फाल्गुनात तयार होईल. लोभ आहेच, त्याला ओहोटी नको.

तुझा जीवनदादा

*

किहीम, ६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास शि. सा. न.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं, तिथंच चुकलं. यांनी धरून ठेवलंय की माणसाचंही झाडासारखंच. गोळ्या बंद केल्या, डॉक्टरची तारीख चुकवली, जेवण निम्म्यावर आणलं. म्हणतात, दादाच्या वाफ्याला खारं पाणी तसा मला उपास, ताण सोसला की आतलं औषध आपोआप वाढतं. मी रडले तर म्हणाले, भावापेक्षा तुला जास्त कळतं काय? आमच्या नेत्राने समजावलं, तर तिला म्हणाले, तू मोबाइलवर शिकलीस, मामा मातीत शिकला.

डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. पोटात पाणी भरलंय. माझं न्हाय ऐकत, डॉक्टरचं न्हाय. तुझं ऐकतील. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी सत्यवती

*

चौल, १४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सत्यवतीस अ. उ. आ.

मी येऊन गेलो, विनेशरावांनी माझ्यासमोर गोळी तोंडात टाकली. मी एसटीत बसायच्या आत ती थुंकली, असं नेत्राने कळवलं. म्हणून हे लिहितो. त्यांना शब्दन् शब्द वाचून दाखव.

खारा वाफा करपलाय. निम्मी झाडं मेली. उरलेल्यांची बोंडं सुपारीएवढी, फोडली तर बी पोचट. ताणाने सिलिमारिनचा टक्का वाढतो हे मी लिहिलं होतं, ते आजही खरं आहे. पण तो टक्का उरलेल्या बियांचा. मेलेल्या झाडांचा टक्का कोण काढणार? आणि हे बी गोळ्यांच्या ऐवजी आहे, असं मी कधीही म्हटलं नव्हतं. माणूस म्हणजे वाफा नव्हे, विनेशराव. पाया पडतो, गोळ्या घ्या.

जीवनदादा

*

पनवेल, २७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास शि. सा. न.

तुझं पत्र यांना वाचून दाखवायचं राहूनच गेलं. ते पोचलं त्याच दिवशी यांना रक्ताची उलटी झाली. इथं दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या.

शुद्ध येते आणि जाते. आली की एकच विचारतात, दादाचा खारा वाफा कसा हाय. फोन लावून दिला असता, पण तुझा आवाज फुटेल आणि यांना कळेल. समोर आलास तर तुझ्या तोंडावरूनही कळेल, म्हणून तू मागाहून ये, पण उत्तर आधी येऊ दे. हे किती वेळ असतील, ठाऊक नाही. यांच्यासोबत ट्रेलर चालवणारा रितेश ही चिठ्ठी घेऊन येतोय, त्याच्याच हाती उत्तर दे. तू लिहिलेलं यांना पटतं. काय लिहायचं ते तूच ठरव.

सत्यवती

*

चौल, २७ फेब्रुवारी २०२५

श्री. विनेशराव यांस स. न. वि. वि.

खाऱ्या वाफ्याची चौकशी केलीत, आनंद वाटला. झाडं कंबरेच्या वर गेली आहेत. एकही मेलं नाही. बोंडं जांभळी, मुठीत मावणार नाहीत एवढी. आज एक फोडून पाहिलं, बी भरलेलं, टणक, तपकिरी, चकचकीत. विहिरीवरचा वाफा त्याच्यापुढे काहीच नाही. तुमचंच म्हणणं खरं ठरलं. ज्याने सोसलं, त्याला मिळालं.

सिलिमारिनचा टक्का अजून काढलेला नाही. तुम्ही आलात की दोघं मिळून काढू. तोवर मागाल तेवढं पाणी प्या. आता कसलाच ताण घेऊ नका.

माझ्यावर आहे तो विश्वास असाच असू द्यावा.

आपला,
जीवन