खाजणपाड्याचा फलाट होळीत गेला, त्याबद्दल

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी साहेब,
रेल्वेचे विभागीय कार्यालय, मुंबई

विषय : खाजणपाडा थांबा पुन्हा सुरू करणे व धर्माजी भोईर यांच्यावरील ‘दंगलखोर’ हा शिक्का काढणे.
संदर्भ : थांबा बंद केल्याचे आपले पत्र, एप्रिल १९८९.

महोदय,

मी भाईंदरला नववीत शिकते. आमच्याकडे अर्जासाठी लोक केबिन रोडच्या टायपिंगवाल्याकडे जातात. हा मी स्वतः लिहिला आहे, त्यामुळे जरा स्पष्ट आहे.

१. मिठागरांतला आमचा थांबा दिवाळीत जन्मला आणि होळीत गेला. लाकडी फलाट, एक बाकडे, एक पाटी. तिकिटे विकायला माझे आजोबा धर्माजी. गाडी आली की टोपी घालून असे उभे राहायचे, जणू वऱ्हाडच उतरतेय. माझी आई मंदा मासळी घेऊन तिथेच चढायची. आता टोपली डोक्यावर घेऊन चिखलातून भाईंदर गाठते.

२. आपण लिहिता, जमावाने हल्ला केला. साहेब, ती होळी होती. होळीला पोरांनी कुणाचेही लाकूड नेले तरी आम्ही चोरी धरत नाही. उलट आपल्या दारचे नेले नाही तर माणूस रुसतो. भरदुपारी पोरे फलाटाच्या फळ्या उपटू लागली. आजोबा आडवे पडले. पोरे म्हणाली, “आजा, आपलाच ठेसन हाय ना? मंग चोरी कसली?”

३. आजोबांनी तिकिटांची लोखंडी पेटी पहिल्या पोराच्या, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाच्या, प्रणितच्या डोक्यात घातली. पोरांनी त्यांना फळ्यांनी बडवले. तिकिटे रक्ताने एकमेकांना चिकटली. मग पोलीस आले आणि कोण कुणाला मारतोय हे न विचारता सगळ्यांना मारत सुटले. फलाट वाचवणाऱ्या आजोबांचा उजवा हात त्यांच्या काठीने मोडला, आणि कागदावर सूत्रधारही तेच झाले.

४. गाव त्यांना रेल्वेचा माणूस म्हणायचे, रेल्वे गावगुंड. अजून गाडी आली की ते टोपी घालून ओट्यावर उभे राहतात. गाडी थांबत नाही.

५. यंदा प्रणितने होळीसाठी आणलेले लाकूड चिरून फळ्या केल्या आणि पोरांनी फलाट ठोकला. तो काढायला आपली माणसे येणार असे कळते. हात लावेल त्याचा हात मोडायचा, असे गावाने ठरवले आहे. पहिला फटका मारायचा मान आजोबांनी मागून घेतला आहे. डाव्या हाताचा सराव चालू आहे.

तरी कृपया माणसे पाठवू नयेत. गाडी थांबवावी.

इतके लिहूनही आपली नम्रच,
समिधा परशुराम भोईर
खाजणपाडा, मार्च १९९०

सोबत : रक्ताचा डाग पडलेले तिकीट, एक. प्रवास बाकी आहे.