नावाचा रकाना

ता. माण

राणी,

सोमवारी सकाळी अंघोळ करून बिरोबाच्या देवळात गेलो आणि तू पाठवलेला जन्मदाखल्याचा अर्ज देवापुढे ठेवला. खाली तुझी सही होती, पण मुलीच्या नावाचा रकाना कोरा होता. तो तू माझ्यासाठी सोडलास हे कळलं.

पोर झाली तेव्हा आईला जाऊन महिना झाला होता. आईच परत आली असं धरून मी तिच्याच अंबू या नावासाठी हटून बसलो. तुला क्रांती हवं होतं. त्या भांडणात नोंदीत नाव गेलंच नाही, आणि तू पोरीला घेऊन कुपवाडला गेलीस. तिथं शाळेत ती क्रांती झाली. मी मात्र वीस वर्षं अंबूच म्हणत राहिलो.

देवळातून अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाला, "आवं तात्या, बाकी कागदांवर क्रांती हाय. हितं दुसरं पडलं तर पोरीचा पासपोर्ट अडकंल. बोला, काय लिवू?"

"दे हिकडं. बापानं लिवायचं आस्तंय."

मी 'क्रांती' लिहिलं.

"आन अंबूबाई?" तो हसला.

"तिचं नाव सातबाऱ्यावर हाय की. तेवढं बास झालं."

बाहेर येऊन आईला मनात नमस्कार केला. ती रागावली असेल असं वाटलं नाही. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

हे पत्र घरातच राहील. दाखला मात्र आज पोस्टानं तुझ्या पत्त्यावर पाठवला.

आकाराम