दाराशी ठेवलेली पिन

१२ जून, सोमवार

नवं यंत्र आलं. जाडजूड पिन तारेच्या कॉइलमधून सरकवायची – बस्स! भट्टीत पोलादाला आलेला कडक थर किती खोल गेलाय ते पडद्यावर दिसतं. कापणं नाही, साधा ओरखडाही नाही. इतकी वर्षं आम्ही दर लॉटमधली एक पिन कापून पाहायचो आणि बाकीच्यांवर मी कानस फिरवायचो. घसरली तर पास, चावली तर नापास.

यंत्राला आधी एक चांगली पिन दाखवावी लागते. बाकीच्या ते तिच्याशी ताडून बघतं. साहेबांनी विचारलं, आहे का अशी? मी कपाटातून माझी जपून ठेवलेली पिन काढली. तिच्यावर कानस काचेवरून जावी तशी जाते! मनात देवाचं नाव घेतलं आणि दिली.

१३ जून

तीनशे चाळीस पिना. सगळ्या नापास!

भट्टीवाला म्हणाला, यंत्राला चष्मा लावा. मी त्याला नको ते बोललो. या क्रेनच्या पिना आहेत. क्रेनची पिन तुटली की काय होतं ते मला कोणी सांगायला नको. दादाचा पाय तसाच गेला.

१४ जून

साहेबांनी नापास झालेल्यांतल्या तीन कापायला लावल्या. तिन्हींत कडक थर तीन मिलिमीटर, चोख. भट्टीवाल्याने ते तुकडे माझ्यासमोर आणून ठेवले. मग साहेब हळूच म्हणाले, "तुमची कापू या?"

कापली. ॲसिड लावलं. कडक थराचं गडद कडं नखाइतकं पातळ! कानसेला फक्त वरचा कडकपणा कळतो, खोली नाही.

यंत्र बरोबर होतं. मी त्याला खोटा नमुना दिला होता.

आठवलं सगळं. तो लॉट घाईचा होता. कानस इतकी सुरेख घसरत होती की एक कापून बघायची गरजच वाटली नाही. उलट त्यातली एक मी कौतुकाने ठेवून घेतली. बाकीच्या दोनशे गेल्या. लॉट नंबर ७१८, नऊ वर्षांपूर्वीचा.

दादाच्या पायालाही नऊ वर्षं झाली.

१५ जून

दादाच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्या तुटक्या पिनेचा तुकडा लावलेला असतो. दवाखान्यातून येताना त्यानेच आणला. वहिनी फेकायला निघाली तर फेकू दिला नाही. मी कधी नीट पाहिला नाही. अशा पिना पुष्कळ कारखान्यांत होतात, असं स्वतःला सांगत आलो. आणि दादाला सांगत आलो – देवाची इच्छा.

आज वाकलो.

७१८. त्याखाली तपासनीसाचा शिक्का. त्रिकोणात टिंब – माझा.

१६ जून

साहेबांना फोन केला. ७१८ च्या पिना जिथे असतील तिथून काढायला लावा म्हटलं. कारणही सांगितलं. देवासमोर बसलो, पण त्याच्याशी बोलायला तोंड उरलं नाही. माझं काम मी त्याच्या नावावर घातलं होतं!

१७ जून, शनिवार

दादाला सांगितलं. तो दाढी करत होता. आरशातूनच माझ्याकडे बघत त्याने ऐकलं. मग म्हणाला, "शिक्का मिळाला तेव्हा घरभर दाखवत फिरला होतास. मी ओळखणार नाही होय? दवाखान्यातच त्या तुकड्यावर बघितला होता."